चाळीस लाखांची गाडी दहा लाखांत

जुन्या गाडीचा सौदा : लेखांक सहावा

२०१३ साली मर्सिडीजची ई-क्लास घ्यायची तर शोरूममध्ये चाळीस लाखांच्या वर मोजावे लागत. आरटीओचा कर आणि विमा धरला की आकडा पन्नासकडे सरके. तीच गाडी आज पुण्यात किंवा ठाण्यात दहा-बारा लाखांत उभी असते. बाहेरून धुऊन-पुसून चकचकीत, आत क्रीम रंगाचं लेदर, वर सनरूफ, आणि विकणाऱ्याचं ठरलेलं वाक्य : "डॉक्टरांची गाडी आहे साहेब, आठवड्यातून एकदा निघायची." तेवढ्याच पैशांत नवी घ्यायची तर एखाद्या मध्यम सेडानचं खालचं मॉडेल पदरात पडतं. गेले पाच आठवडे आपण स्विफ्ट, सिटी, इनोव्हा असल्या गाड्यांबद्दल बोललो. तेच नियम या गाड्यांना लावले तर फसगत ठरलेली, म्हणून आजचा अख्खा लेखांक त्यांना.

फसगत होते ती एका साध्या गोष्टीपायी. गाडीची किंमत दर वर्षी उतरते, सुट्या भागांची चढत जाते. गाडी दहा लाखांवर आली म्हणून तिचा हेडलाइट दहा लाखांच्या गाडीचा होत नाही. तो पन्नास लाखांच्या गाडीचाच राहतो आणि त्याचं बिलही त्याच हिशेबाने येतं. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला म्हणतात तो प्रकार इथे अक्षरशः घडतो. म्हणून स्वतःला विचारायचा प्रश्न असा, की पन्नास लाखांच्या गाडीची देखभाल मला झेपणार आहे का? माझा ठोकताळा सांगतो. गाडीचा आजचा भाव विसरा, ती नवी असतानाचा भाव धरा आणि त्याचे तीन टक्के दर वर्षी दुरुस्तीला जातील असं समजा. ४५ लाखांच्या गाडीला वर्षाला १ लाख ३५ हजार. एखाद्या वर्षी तीस हजारांत भागेल, पुढच्या वर्षी अडीच लाख जातील. शिवाय पहिल्या वर्षी, आधीच्या मालकाने टाळलेली सगळी कामं तुमच्या गळ्यात पडतात, म्हणून खरेदीच्या किमतीचा चौथा हिस्सा वेगळा काढून ठेवायचा. हे पैसे बँकेत नसतील तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

यावर हमखास येणारा युक्तिवाद : "अहो, पण या गाड्या तर आपल्याच चाकणला बनतात!" खरं आहे. १९९५ मध्ये मर्सिडीजची पहिली भारतीय ई-क्लास टेल्कोच्या पिंपरीच्या आवारातून निघाली, २००९ मध्ये कंपनी चाकणला स्वतःच्या कारखान्यात गेली. ऑडीच्या सेडान २००७ पासून औरंगाबादजवळ शेंद्र्याला स्कोडाच्या कारखान्यात जोडल्या जाऊ लागल्या, बीएमडब्ल्यू त्याच वर्षी चेन्नईला. पण 'जोडल्या' हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. इंजिन, गिअरबॉक्स, इलेक्ट्रॉनिक्स हे सगळं खोक्यांतून परदेशातून यायचं आणि इथे एकत्र बसवलं जायचं. त्याने कंपनीचा आयात कर वाचला. बारा वर्षांनी तुमच्या गाडीचा एखादा कंट्रोल युनिट गेला तर तो परदेशातूनच यायचा, चाकण तुमच्या घरापासून कितीही जवळ असलं तरी.

आता प्रत्यक्ष गाड्यांकडे. सगळ्यांत मोह घालणारी गाडी म्हणजे मर्सिडीजची एस-क्लास, २००६ ते २०१३ या काळात आपल्याकडे विकली गेलेली, डब्ल्यू२२१ या सांकेतिक नावाची. एकेकाळी उद्योगपती आणि मंत्र्यांच्या दारात दिसायची, आज काही वेळा ई-क्लासपेक्षाही स्वस्त मिळते. ती इतकी उतरते याचं एक कारण तिच्या चाकांपाशी आहे. या गाडीला पोलादी स्प्रिंग नाहीत. चारही चाकांवर हवेने फुगलेले रबरी फुगे आहेत, त्यांना हवा पुरवणारा एक कॉम्प्रेसर आहे. या यंत्रणेला एअरमॅटिक म्हणतात. खड्डा कळत नाही तो हिच्यामुळे. पण दहा-बारा वर्षांनी रबराला घड्यांच्या जागी बारीक चिरा पडतात आणि हवा झिरपू लागते. गाडी रात्रभर उभी राहिली की सकाळी एक कोपरा खाली बसलेला असतो. मालक गाडी सुरू करतो, कॉम्प्रेसर घुर्र करत कोपरा उचलतो आणि सगळं ठीक दिसतं. असं महिनोन्‌महिने चालतं. कॉम्प्रेसर जास्तीचं काम करून करून तापतो, आणि एक दिवस फुग्याच्या जोडीने तोही जातो. मूळ कंपनीचा, फुग्यासकट येणारा पुढचा एक स्ट्रट लाखाच्या घरात. एक बदलला की दुसऱ्या बाजूचाही बदलावा असं मेकॅनिक सांगतो आणि ते बरोबरच असतं, कारण दोघांचं वय एकच.

हे तपासायला यंत्र लागत नाही. गाडी पाहायला सकाळी लवकर जा, आणि "रात्रभर हलवू नका, सुरूही करू नका" असं आदल्या दिवशी बजावून ठेवा. गेल्या गेल्या चारही चाकांच्या वर, टायर आणि मडगार्डच्या कडेमध्ये किती बोटं जातात ते पाहा. एखाद्या बाजूला एकच बोट जात असेल आणि दुसरीकडे तीन, तर तिथेच चहा घेऊन निघा. विकणारा "उतारावर उभी आहे म्हणून" असं म्हणेल. सपाट जागेवर लावायला सांगा आणि दुसऱ्या दिवशी या, नाहीतर येऊच नका.

त्याच सकाळी इंजिनही थंड मिळतं, आणि ते बीएमडब्ल्यूच्या ५-सिरीजसाठी फार महत्त्वाचं आहे. २०१० पासून आलेल्या ५२०डी मध्ये सुरुवातीला एन४७ नावाचं दोन लिटरचं डिझेल इंजिन होतं. त्याची टायमिंग चेन इंजिनाच्या पुढच्या तोंडाला नाही, मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. चेन ढिली पडते, तिचे प्लास्टिकचे गाइड झिजतात, आणि हा दोष जगभर गाजलेला आहे, विशेषतः २०११ पर्यंतच्या इंजिनांत. पुढे असती तर चेन बदलणं हे नेहमीचं काम ठरलं असतं. मागे असल्यामुळे तिथवर पोचायलाच इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. थंड इंजिन सुरू केल्यावर पहिल्या काही सेकंदांत, बॉनेटच्या मागच्या भागातून, फायरवॉलकडून, सुटे स्क्रू डब्यात हलवावेत तसा खडखडाट येतो का ते ऐका. इंजिन तापलं की तो दबून जातो. म्हणून विकणारा गाडी तुम्ही यायच्या आधी तापवून ठेवतो. बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर, गाडी कितीही देखणी असो, त्या दिवशीची तपासणी झाली नाही असं समजा. चेन तुटली तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आपटतात आणि मग चेन राहिली बाजूला, इंजिनच शोधत फिरावं लागतं. चेन बदलल्याचं बिल ज्या गाडीसोबत आहे, ती चार पैसे जास्त देऊन घ्यावी.

याच गाडीतला आठ गिअरचा झेडएफचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मात्र उत्तम आहे. तिथे भानगड वेगळीच. बीएमडब्ल्यूने यातलं तेल 'आयुष्यभराचं' म्हणून सांगितलं, त्यामुळे बहुतेक मालकांनी ते कधी बदललंच नाही. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी मात्र ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान तेल बदलायला सांगते. आता आयुष्यभर म्हणजे कुणाचं आयुष्य, हा प्रश्न ग्राहकाने विचारायचा. फिल्टर तळाच्या प्लास्टिकच्या ट्रेमध्येच बसवलेला असल्याने ट्रेसकट बदलावा लागतो. मर्सिडीजच्या सात गिअरच्या डब्याचं तेलही साधारण ६० हजारांना बदलायचं असतं. एक लाख किलोमीटर धावलेल्या गाडीच्या फायलीत गिअरबॉक्सच्या तेलाचं एकही बिल नसेल, तर बाकीची सर्व्हिस कशी झाली असेल याचा अंदाज त्यावरून येतो. ऑडीच्या काही सेडानमध्ये मल्टिट्रॉनिक हा सीव्हीटी गिअरबॉक्स आहे आणि स्कोडा सुपर्बच्या १.८ पेट्रोलमध्ये कोरड्या क्लचचा सात गिअरचा डीएसजी. या दोन्हींपासून मी दूर राहीन. सुपर्ब आवडत असेल तर दोन लिटर डिझेल पाहावी, तिच्यातला सहा गिअरचा डीएसजी ओल्या क्लचचा आणि टणक आहे.

तर मग घ्यायची कुठली? जर्मनच हवी असेल तर माझी पसंती डब्ल्यू२१२ या पिढीच्या ई-क्लासला, म्हणजे २००९ ते २०१६ मधली, चार सिलिंडरची. तिच्याखाली बहुतेक वेळा साधे पोलादी स्प्रिंग असतात. थाट एस-क्लासपेक्षा कमी, पण हवा जाण्याची भीती नाही.

आता किलोमीटरबद्दल, कारण इथे लोक सगळ्यांत जास्त फसतात. बारा वर्षांत ३८ हजार किलोमीटर धावलेली गाडी पाहिली की आपल्याला लॉटरी लागल्यासारखं वाटतं. मला संशय येतो. एक तर आकडा फिरवलेला असू शकतो. नसेल, तर गाडी महिनोन्‌महिने उभी होती. उभ्या गाडीची सीलं वाळतात, बॅटरी मरते, ब्रेक डिस्क गंजतात, उंदीर वायरी कुरतडतात. टायरवर नवेपणा दिसतो, पण बाजूच्या भिंतीवरचे चार आकडे वाचा : २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी शिल्लक असली तरी तो टायर बदलायचाच, आणि या मापाच्या चांगल्या कंपनीच्या चार टायरांचा संच साठ हजारांच्या खाली क्वचित येतो. बीएमडब्ल्यूला रनफ्लॅट असतील तर आणखी वर. त्यापेक्षा ९५ हजार धावलेली, प्रत्येक सर्व्हिसचं जॉब कार्ड असलेली गाडी मी डोळे झाकून नाही, पण निवांत मनाने घेईन.

आकडा खरा की फिरवलेला हे स्कॅनरवर कळतं, फक्त स्कॅनर योग्य हवा. मर्सिडीजला झेंट्री, बीएमडब्ल्यूला इस्टा, ऑडी-स्कोडाला ओडिस. या गाड्या धावलेलं अंतर मीटरखेरीज इतर युनिटमध्येही नोंदवून ठेवतात, आणि फिरवणारा सगळीकडे हात घालतोच असं नाही. दोन हजारांचा ब्लूटूथ डोंगलही एक गोष्ट सांगून जातो : शेवटचे एरर कोड पुसल्यापासून गाडी किती चालली. तिथे '४ किमी' दिसलं की समजा, तुम्ही येणार म्हणून कालच घरात साफसफाई झालीये.

पुराची गाडी हा आपल्या भागातला फार खरा धोका. डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नईत, २०१८ मध्ये केरळात, ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि जुलै २०२१ मध्ये चिपळुणात गाड्या पाण्याखाली गेल्या. विमा कंपन्यांनी निकालात काढलेल्या अशा गाड्या लिलावात जातात आणि धुऊन-वाळवून पुन्हा बाजारात येतात. साधी गाडी बुडाली तर इंजिन उघडून, साफ करून चालवता तरी येते. जर्मन सेडानमध्ये गालिच्याखालून वायरिंगचे जाड गठ्ठे जातात, अनेक युनिट खालच्या अंगाला असतात आणि ई-क्लास किंवा ५-सिरीजची बॅटरी तर डिकीतच. पाणी ओसरल्यावर सहा महिन्यांनी एकेका कनेक्टरला हिरवा गंज चढतो. आज काच खाली जात नाही, उद्या एअरबॅगचा दिवा पेटतो, आणि इलेक्ट्रिशियन हात टेकतो.

अशी गाडी ओळखायची तर मागच्या सीटवर बसा आणि सीटबेल्ट हळूहळू शेवटपर्यंत ओढा. वरचा भाग सगळेच धुतात. रीळात गुंडाळलेल्या शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातकट रेघ असेल, पट्टा ताठर लागत असेल, तर पाणी तिथवर आलं होतं. मग दाराचं रबर ओढून गालिच्याचं टोक उचला. खालचा फोम जाड असतो, तो ओलावा धरून ठेवतो. बोटाने दाबा आणि वास घ्या. शेवटी डिकीची फळी उचलून जॅक आणि पान्यांची पिशवी उघडा. गाडी धुणाऱ्याला ती पिशवी कधीच आठवत नाही.

कागदांबद्दल सविस्तर दुसऱ्या लेखांकात लिहिलंय. महागड्या गाड्यांच्या बाबतीत दोन पासिंगांकडे बारकाईने पाहावं लागतं. पहिलं डीएल. राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१५ च्या आदेशानंतर आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तो उचलून धरल्यानंतर दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर गंडांतर आलं, आणि तिथल्या उत्तमोत्तम सेडान कवडीमोलाने बाहेर पडू लागल्या. भाव ऐकून चक्कर येते. पण त्या भावात दिल्लीच्या आरटीओची एनओसी, इथे पुन्हा भरायचा महाराष्ट्राचा कर, वाहतूक आणि एजंट हे काहीच धरलेलं नसतं. हा कर गाडीच्या वयानुसार कमी होतो, तरी मोजला जातो तो मूळ किमतीवरून. आणि वीस लाखांवरच्या गाड्यांचा दर चढाच असतो. दुसरं पासिंग पीवाय. कर वाचवायला मुंबई-बंगळूरच्या कितीतरी आलिशान गाड्या पुदुच्चेरीत नोंदवल्या गेल्या. बारा महिन्यांहून अधिक काळ गाडी दुसऱ्या राज्यात ठेवली तर तिथे नोंदणी करणं मोटार वाहन कायद्याने बंधनकारक आहे, तेव्हा वाचवलेला कर शेवटी तुमच्याच खिशातून जाणार.

गाडी २०१३ ची असेल तर २०२८ मध्ये तिची पंधरा वर्षं भरतात आणि नोंदणीचं नूतनीकरण येतं. एप्रिल २०२२ पासून त्याचं शुल्क साध्या कारला ५ हजार आणि आयात केलेल्या कारला ४० हजार आहे, हरित कर वेगळा. आरसीवर गाडी 'इम्पोर्टेड' आहे का ते आत्ताच पाहा. कर्ज काढून घ्यायचा विचार असेल तर बहुतेक बँका इतक्या जुन्या गाडीला दारात उभं करत नाहीत. एका अर्थी ते बरंच आहे.

विमा हा मुद्दा फार कमी लोक आधी पाहतात. दहा वर्षांवरच्या गाडीला झीरो डेप सहसा मिळत नाही. म्हणजे अपघात झाला की प्लास्टिक आणि रबरी भागांचे निम्मे पैसे तुमचे, दहा वर्षांपुढच्या गाडीच्या धातूच्या भागांचेही निम्मे तुमचे. हे झालं किरकोळ धडकेचं. मोठ्या धडकेत गंमत आणखी आहे. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपनी गाडी टोटल लॉस धरते. समजा आयडीव्ही आठ लाख. समोरून धडक बसली : दोन झेनॉन हेडलाइट, बंपर, बॉनेट, रेडिएटर, एसीचा कंडेन्सर, दोन एअरबॅग, डॅशबोर्ड. कंपनीच्या वर्कशॉपच्या दराने सहा लाख कधी ओलांडले ते कळणारही नाही. रस्त्यावर चालू शकणारी गाडी कागदावर भंगार ठरते, कारण नाकापेक्षा मोती जड झालेला असतो. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून काढताना इंजिनात पाणी गेलं, तर नेहमीच्या पॉलिसीत त्याचेही पैसे मिळत नाहीत. त्यासाठी वेगळं इंजिन कवच लागतं आणि तेही जुन्या गाडीला देतील याची खात्री नसते. म्हणून टोकन द्यायच्या आधी विमा एजंटाला गाडीचा नंबर पाठवा आणि काय-काय मिळेल ते लिहून मागा.

एवढं सगळं सांगूनही मी ही गाडी घेऊच नका असं म्हणणार नाही. शंभरच्या वेगाला द्रुतगती मार्गावर जुनी ई-क्लास जशी रस्ता धरून जाते, तशी नवी बारा लाखांची सेडान जात नाही. दार बंद होतानाचा आवाज सोडा, मागच्या सीटवर आईवडिलांना पुण्याहून कोल्हापूरला नेलं तर उतरताना त्यांची कंबर धरत नाही, हे खरं सुख. हौसेला मोल नसतं हे मान्य. दुरुस्तीला असतं, एवढंच माझं म्हणणं. घरात दुसरी भरवशाची गाडी असेल, महिन्याला पाच-सातशे किलोमीटरच फिरायचं असेल आणि हाकेच्या अंतरावर या गाड्यांचा जाणकार असेल, तर जरूर घ्या. घरातली एकुलती गाडी म्हणून घेऊ नका. नांदेड, लातूर, रत्नागिरीला राहणाऱ्यांनी तर दहादा विचार करावा, कारण ऑटोमॅटिक गाडी दोरी बांधून ओढून नेता येत नाही. फ्लॅटबेड मागवावा लागतो आणि तो पुण्या-मुंबईपर्यंत जातो.

आधी गॅरेज शोधा, मग गाडी. पुण्यात, मुंबईत, नाशकात अधिकृत वर्कशॉपमध्ये वर्षानुवर्षं काम करून स्वतःचं गॅरेज टाकलेले मेकॅनिक आहेत. त्यांना लेमफर्डर, साक्स, माले, बॉश या कंपन्यांचे भाग कुठे मिळतात ते ठाऊक असतं. कित्येकदा कंपनीच्या डब्यात येतो तोच भाग, कारण गाडीला मुळात तो त्यांनीच पुरवलेला असतो. फक्त त्यावर तारा नसतो आणि किंमत बरीच कमी असते. बंपर, आरसे, दिवे असल्या गोष्टी कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जुन्या मिळून जातात. ब्रेक, सस्पेन्शन आणि एअरबॅग मात्र तिथून कधीही आणू नका. असा मेकॅनिक गाठून गाडी दाखवायला न्या, त्याची तपासणीची फी बिनबोभाट द्या, आणि त्याने यादी दिली की तीच यादी घेऊन भावाला बसा.

आणि जर्मन बोधचिन्हाचा सोस नसेल, फक्त मोठी, शांत, आरामशीर सेडान हवी असेल, तर जुनी टोयोटा कॅमरी किंवा होंडा अकॉर्ड पाहा. शेजारी विचारायला येणार नाहीत. मेकॅनिकही फारसा भेटणार नाही.

सौदा ठरला तर पैसे देण्यापूर्वी दोन्ही किल्ल्या मागा, आणि दोन्हींनी गाडी उघडून, सुरू करून पाहा. या गाड्यांची नवी किल्ली कोपऱ्यावरच्या चावीवाल्याकडे बनत नाही. चासी क्रमांक देऊन, आरसी दाखवून कंपनीकडून मागवावी लागते, दिवस जातात आणि बिल पाच आकडी येतं. दुसरी किल्ली "गावाकडे राहिलीय, पाठवून देतो" असं उत्तर आलं, तर ती हातात पडेपर्यंत पन्नास हजार रुपये आपल्याकडेच राहू द्यावेत.